खाडीवरची सोळा पानं

बाई,

तुमच्याकडच्या त्या कादंबरीत सोळा पानं कमी होती. मला हे परवा कळलं. तुम्हाला ते ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात फिरतोय आणि हातातलं काम नीट होत नाही. काल एकाच पुस्तकाची शिलाई दोनदा उसवून पुन्हा घातली. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा उत्तर मिळायचं नाही हे मला कळतं. पण मनात काही अडकलं की ते कागदावर उतरवायचं ही सवय तुम्हीच लावलीत, म्हणून कापून उरलेल्या कागदांवर लिहायला बसलोय. कागद एका मापाचे नाहीत, तेवढं समजून घ्या. ऱ्हस्वदीर्घ मात्र तपासून घेतलं आहे.

मी आता गिरगावात एका बाइंडिंगच्या दुकानात आहे. तुम्ही गेलात तेव्हा परळच्या औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो, आणि तुम्हाला वाटत होतं की हा निदान एखाद्या शाळेत क्लार्क होईल. ते झालं नाही. अकरावीच पुरी झाली नाही. पण हे काम मला मानवतं. वकिलांची जाड पुस्तकं येतात, घरोघरच्या पोथ्या येतात, कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध येतात, आणि कधीकधी कुणी आवडीचं जुनं पुस्तक पिशवीत घालून आणतं, आजारी माणसाला आणावं तसं. परवा एक मॅडम अशाच आल्या. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पिशवीतून पुस्तक काढलं आणि मी मुखपृष्ठ बघितल्याबरोबर ओळखलं. तीच, खाडीवर होडी चालवणाऱ्या बाईची कादंबरी. मी एरवी गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "ही मी वाचली आहे."

"हो का?" मॅडमना आनंद झाला. "मग जपून करा हं. होडीतला प्रसंग आहे ना, नेमकी तीच पानं सुटलीत. उघडून उघडून."

"कुठला होडीतला?"

"अहो, नवरा परत येतो तो! ती त्याला आणायला जाते, आणि परतताना त्याचं डोकं मांडीवर घेते..."

"ती जात नाही," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. "जात नाही कशी? तीस वर्षं शिकवली मी ही. त्या जागी आमच्या मुली वर्गात रडायच्या. जात नाही म्हणे!"

आतून मालक ओरडले, "अरे, मॅडमनी जन्म घालवला त्यात. तू बाइंडर ना? तू पुठ्ठा बघ."

मी पुठ्ठा बघितला. पावती केली, पुस्तक ठेवून घेतलं, आणि मॅडम पायऱ्या उतरून गेल्यावर माझे कान गरम झाले ते दुपारपर्यंत तसेच होते. कारण बाई, ती जात नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जी मला कुणी शिकवली नव्हती. ती माझी मला कळली होती, आणि तुम्ही ती बरोबर धरली होती.

तुम्हाला आठवण द्यायला हवी असं नाही, तरी लिहितो. दहावीला गणितात राहिलो, शाळा सुटली, आणि वर्षभराने आईने मला तुमच्या दारात आणून उभं केलं. लालबागला आमच्याच चाळीत, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत, आम्ही तळमजल्यावर. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली होती, आणि माझ्यासारख्या राहिलेल्यांना तुम्ही बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून सकाळी स्वयंपाकघरात शिकवत होतात. आई म्हणाली, "बाईनू, ह्येका कायतरी वळण लावा. दिवसभर गप बसान असता." तुम्ही पोळपाटावरून मान वर न करता म्हणालात, "गप्प बसणं हा काही दोष नाही. काय चाललंय आत ते बघू." त्या 'बघू'ची मला फार भीती वाटली.

गणिताला तुम्ही मला अर्धा तास देत होतात आणि उरलेला तास ती कादंबरी. परीक्षेला ती नव्हतीच. मी तसं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "परीक्षेला तू तरी कुठे आहेस सगळा?" एका प्रकरणाला अर्धं पान लिहायचं. गोष्ट सांगायची नाही, गोष्ट लेखकाने सांगितलेली आहे. ज्याचा अर्थ ठाऊक नाही तो शब्द वापरायचा नाही. आणि 'मला फार आवडले' हे लिहायचं नाही, ते चेहऱ्यावरून कळतं. पहिल्या प्रकरणावर मी प्रस्तावनेतली वाक्यं इकडची तिकडे करून लिहिली. अक्षर सुंदर, एकही चूक नाही. तुम्ही वाचलंत आणि वही अशी दोन बोटांनी उचलून माझ्यापुढे धरलीत. "मी तुझ्या घरी आले, विचारलं तुला काय वाटतं, आणि तू शेजाऱ्याला बोलावून आणलंस. मी शेजाऱ्याशी कशाला बोलू?" कॉटवर काका, तुमचे यजमान, पेपर वाचत होते, ते पेपरामागे हसले. मी वही घेऊन खाली गेलो आणि दोन दिवस वर आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅलरीतून हाक मारलीत, "अरे, तो शेजारी गेला का? मग ये."

मग मी खरं लिहायला लागलो. खरं म्हणजे फार साधं होतं. पहिली चाळीस पानं नुसती खाडी आहे, भरती, ओहोटी, चिखल, पुन्हा भरती. मी लिहिलं, 'लेखकाला खाडी सोडवत नाही, आणि मला ती संपत नाही.' तुम्ही मोठ्याने हसलात आणि काकांना वाचून दाखवलंत. दुसऱ्या एका प्रकरणात ती बाई होडी उलटी घालून तिच्या फटींत कापूस आणि डांबर भरते, ते सहा पानं चालतं. तिथे मी लिहिलं की हे मला कंटाळवाणं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण माणूस काम करताना दिसला की तो खोटं बोलत नाही. तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. तेवढीच, शब्द नाही. मी ती रेघ खाली नेऊन आईला दाखवली. आई म्हणाली, "रेघेचा काय लोणचा घालतलंस?" पण तिने हात पुसून वही हातात घेतली.

ते दिवस मिरचीचे होते. एप्रिलात लालबागच्या मसाल्याच्या कांडपांवर रांगा लागायच्या आणि आई लोकांच्या मिरच्यांची देठं खुडून द्यायची. दोन्ही खोल्यांत मिरच्या पसरलेल्या, शिंका, डोळ्यांना पाणी, आणि त्यात मी दारात बसून कादंबरी मोठ्याने वाचायचो, कारण आईला गोष्ट हवी असायची. बाई, आमच्या घरची गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, सगळ्या चाळीला होती. मी नऊ वर्षांचा असताना बाबा गेले, म्हणजे वारले नाहीत, गेले. वसईला त्यांनी दुसरं घर केलं. आमच्या घरात त्याचा उच्चार होत नसे. आणि या कादंबरीतला नवरा पोट भरायला मुंबईला येतो आणि परत जात नाही. मागे बायको त्याचं वल्हं घेते आणि लोकांना खाडी पार करून द्यायला लागते. मी वाचत असताना आई कधी थांबली नाही, देठं खुडत राहिली. पण ज्या दिवशी पलीकडच्या काठावरून नवऱ्याची हाक येते, ते पान मी वाचलं, आणि पुढच्या पानावर एकदम वर्षं उलटून गेलेली, तिचे केस पांढरे, होडीत शाळेची पोरं, आणि नवऱ्याचं नावही नाही, तेव्हा आईचा हात थांबला. "म्हणजे गेली नाय ती?" तिने विचारलं. मी म्हणालो, "दिसत तरी नाही." आईने हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, "बरां केल्यान," आणि पुढची मिरची घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून माझं अर्धं पान वाचलं. मला ते अजून पाठ आहे. 'हाक ऐकून ती वल्हं घेऊन उठते. पण लेखक आपल्याला तिच्याबरोबर नेत नाही. मला वाटतं ती गेली नाही. हाक मारणाऱ्याला वाटतं की होडी अजून आपली आहे. ती आता गावाची आहे. ती उठली ती पोरांसाठी. लेखकाने नवऱ्याला पुन्हा एक शब्दही बोलू दिला नाही, हे मला फार योग्य वाटलं.' तुम्ही तव्यासमोर उभ्या आहात, पाठ माझ्याकडे. काका पेपर खाली करतात आणि म्हणतात, "अगं, पण त्या होडीत तर..."

"तुम्ही पेपर वाचा," तुम्ही म्हणता.

"नाही, पण तो..."

"वाचा म्हटलं ना!"

आणि भाकरी करपते. तुमची भाकरी कधी करपत नसे, म्हणून मला ते लक्षात राहिलं. मला वाटलं मी काहीतरी भयंकर चुकीचं लिहिलंय. तुम्ही गॅस बंद केलात, हात पुसलेत, पुस्तक मागितलंत. ते पान काढलंत, पुढचं काढलंत, पुन्हा मागचं. मग मला विचारलंत, "इथे वाचताना कुठे अडलास का रे?"

"नाही बाई."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग वही ओढून पेन्सिलीने लिहिलंत, 'हे तुझं आहे.' आणि वही परत देताना म्हणालात, "ही कादंबरी पुन्हा वाच कधीतरी. दहा वर्षांनी वाच. पण दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीत वाच." मी खाली बघितलं तर त्या पानाच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा मिरचीचा लाल डाग. मला वाटलं तुम्ही त्याबद्दल बोलताय. पुस्तक खराब केलं, आता दुसऱ्याचं घे. मी इतका शरमलो की त्या शब्दांचा पुन्हा विचारच केला नाही. दहावी निघाली, त्याच पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात, आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काकांनी मला बाजूला बोलावून पुस्तक हातात दिलं. म्हणाले, "तिने तुझ्यासाठी म्हणून ठेवलं होतं." मी ते घरी नेऊन फडक्यात बांधलं. दुसऱ्या कुणाची प्रत मी कधी शोधली नाही. वही मात्र कित्येकदा उघडली. अकरावी सुटली तेव्हा, गोदामातून काढलं तेव्हा, कुणी 'शिक्षण किती' विचारलं की घरी येऊन, मी ते तीन शब्द बघत आलोय. मनात म्हणायचो, बाकी काही असो, एक पुस्तक आपल्याला आपल्या बळावर कळलंय आणि ज्या बाईंना कळतं त्यांनी तसं लिहून दिलंय.

आणि परवा दुपारी मॅडमचं पुस्तक मी उसवलं. जुना दोरा कापला, पाठीवरची वाळलेली खळ खरवडली, फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे एक मोठा कागद, छापून घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. पुस्तक असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. ते ओळीने लागलेत ना, हे बघणं आमचं पहिलं काम. मी बघत गेलो, आणि हाक ऐकून ती उठते तिथे एक फर्मा हातात आला जो मी जन्मात पाहिला नव्हता. पूर्ण सोळा पानं. तुमच्या प्रतीचं बाइंडिंग निदान दोनदा झालेलं होतं, दर वेळी कडा कापल्यामुळे खालचे पृष्ठांक उडालेले होते, म्हणून आकडे बघून कुणालाच कळलं नसतं. आमच्यासारख्याच कुठल्यातरी दुकानात, माझ्यासारख्याच कुणीतरी, एक फर्मा लावायचा विसरलं. बास, एवढीच गोष्ट. आणि मी त्या विसराळूपणाला लेखकाचं मौन समजलो.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी ती सोळा पानं उभ्याने वाचली. तुमच्या नियमाने त्यांच्यावर अर्धं पान लिहायला हवं, म्हणून लिहितो. ती जाते. दोर सोडायला तिला फार वेळ लागतो, पण ती जाते. नवरा आजारी आहे, होडीत बसायलाही त्याला धरावं लागतं. मी घाबरलो होतो की आता तो माफी मागेल आणि ती रडेल. तसं होत नाही. अर्धी खाडी दोघं गप्प. मग तो हात खाली लावून होडीचं लाकूड चाचपतो आणि विचारतो, 'बूड बदललंस?' ती म्हणते, 'दोनदा.' बाई, मांडीवर डोकं घेण्याचा प्रसंग त्यानंतर तीन पानांनी आहे आणि मॅडमच्या मुली तिथे रडायच्या, पण मला त्या 'दोनदा'ला रडू आलं. इतक्या वर्षांत ती काय करत होती हे सगळं त्यात आलं, आणि तिने त्याला ते सुनावलं नाही, नुसतं सांगितलं. मालकांनी विचारलं, "काय रे, डोळ्यात खळ गेली?" मी हो म्हणालो.

ही पानं चांगली आहेत. माझ्या अर्ध्या पानापेक्षा पुष्कळ चांगली आहेत. हे लिहायला मला जड जातंय. आणि संध्याकाळी घरी जाताना मला तुमचा राग आला, बाई. पहिल्यांदाच. वाटलं, काका सांगत होते, तुम्ही त्यांना गप्प केलंत. घर सोडून गेलेल्या बापाचं पोर म्हणून माझी दया आली तुम्हाला, आणि दयेपोटी तुम्ही मला अर्धं पुस्तक वाचलेला शहाणा करून सोडलंत. मग तुमचं ते वाक्य आठवलं, दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीत वाच. तुम्ही डागाबद्दल बोलतच नव्हतात. तुम्ही मला पत्ता दिला होता, वेळही सांगितली होती. दया करणारं माणूस पत्ता देत नाही. आधी त्या मुलाचं जे त्याचं आहे ते त्याच्या हातात राहू दे, उरलेलं पुस्तक पळून जात नाही, एवढाच हिशोब तुम्ही तव्यासमोर उभं राहून, एक भाकरी करपेपर्यंत केलात. मी इतक्या जणांना शिकवताना बघितलंय, इतक्या वेळात हे कुणाला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी गप्प बसायला जमलं नसतं.

मॅडमचं पुस्तक आज पुरं झालं. सगळे फर्मे ओळीने आहेत, तीनदा बघितले. त्या घेऊन गेल्या, म्हणाल्या, "मग? जाते की नाही ती?" मी म्हणालो, "जाते." त्यांना बरं वाटलं. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, ठरत नाही. तिचं 'बरां केल्यान' तिचं आहे.

काल घरी येऊन तुमची प्रत फडक्यातून सोडली. ते पान काढलं. शेवटची ओळ अशी आहे, 'ती वल्हं घेऊन उठली आणि', आणि पुढच्या पानाची पहिली, 'शाळेची पोरं एकेक करून खाली उतरली.' वाचून टाकलं तर वाक्य जुळतं. पण मी वाचून टाकणारा माणूस नाही, आणि अठराव्या वर्षीही नव्हतो. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही दोनदा विचारलंत. मी अडलो होतो, बाई. आईला वाचून दाखवण्याच्या आदल्या दिवशी एकट्याने वाचताना अडलो होतो. चार वेळा वाचलं, दोन पानं चिकटलीत का म्हणून मध्ये अंगठा घालून चाचपलं, तो डाग तेव्हाचा. इथे काहीतरी नाही, हे मला कळलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. पण तिथे पानं असली, तर त्या पानांत ती जाईल, अशी मला भीती वाटली, म्हणून मी 'नाही' म्हणालो.